भुवईची घडी

भुवई हा चेहऱ्याचा अगदी लहानसा भाग. परंतु आपल्या भाषेने तिच्यावर सोपविलेले काम मोठे आहे. आश्चर्य वाटले की आपण भुवया उंचावतो, राग आला की त्या चढवतो, आणि कचेरीत साहेबांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्यांच्या भुवयांची आजची ठेवण कशी आहे, हे शिपायाला हळूच विचारून घेतो. संस्कृत कवींनी तिला मदनाच्या धनुष्याची उपमा दिली, वेलीची दिली. अशा या भुवईच्या प्रसाधनाविषयी चाळिशी ओलांडलेला एक सरकारी नोकर आकाशवाणीवरून बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया याच क्षणी वर गेल्या असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही.

माझा अधिकार एवढाच की, सरकारी नोकरीत माणूस एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतो. वस्तू घडवण्याचा समारंभ होतो, ती टिकवण्याचा होत नाही. नव्या पुलाला नारळ फुटतो. त्याच पुलाच्या कठड्याला दर दोन वर्षांनी रंग देणाऱ्याच्या गळ्यात कोणी हार घालत नाही. आणि पूल किती वर्षे उभा राहणार हे नारळापेक्षा त्या रंगावर अधिक अवलंबून असते. भुवयांच्या ज्या नव्या उपचाराविषयी मी आज बोलणार आहे, त्याची गोष्टही अशीच आहे. पार्लरमध्ये जाणारा तास सर्वांच्या लक्षात राहतो. पुढचे दीड महिने कोणी लक्षात घेत नाही.

माझी सध्याची वस्ती बंगळूर शहराच्या आग्नेयेला, बेळ्ळंदूर येथे आहे. एके काळी तळ्याकाठचे गाव असलेला हा भाग आता संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांनी आणि उंच गृहसंकुलांनी भरून गेला आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली मराठी कुटुंबे त्यांत पुष्कळ. प्रत्येक संकुलाच्या आसपास एखादे तरी पार्लर असतेच, आणि त्याच्या दारावरील फलकात दोऱ्याने भुवया कोरण्याच्या जुन्या कामाखाली आता एक नवी ओळ वाचावयास मिळते: ब्रो लॅमिनेशन. भुवयांचे केस औषधाने मऊ करून, वरच्या दिशेला विंचरून, तसेच बसवून द्यावयाचे, म्हणजे विरळ भुवई भरदार दिसते आणि वेडीवाकडी भुवई शिस्तीत येते. चार ते सहा आठवडे, क्वचित आठही, हा परिणाम राहतो असे सांगण्यात येते. मग एकीचा दोन आठवड्यांतच का उतरतो आणि दुसरीचा दोन महिने कसा राहतो, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

पहिली अडचण नावातच आहे. लॅमिनेशन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जन्माचा दाखला किंवा गुणपत्रिका येते: वर प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण, आत सुरक्षित कागद. भुवईवरही असाच काही थर चढवतात आणि तो थर निघू न देणे म्हणजे काळजी घेणे, असा समज त्यामुळे सहज होतो. वस्तुतः येथे कसलाही थर चढत नाही. जे काही घडते ते केसाच्या आत घडते. याला आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे घडी. कापडाची घडी बसते तशी केसाची घडी बसवलेली असते. थर जपावा लागतो तो ओरखड्यापासून. घडी जपावी लागते ती ज्याने ती मोडते त्यापासून. हा फरक ध्यानात आला की पुढचे सर्व नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

ही घडी बसते कशी ते पाहू. केस, नख, शिंग, पीस आणि लोकर ही सर्व केराटिन नावाच्या एकाच जातीच्या प्रथिनाची बनलेली आहेत. केस जळाला की जो उग्र दर्प येतो, तो त्यातील गंधकाचा. केराटिनच्या लांबच लांब साखळ्या केसात शेजारी शेजारी असतात आणि गंधकाचे अणू त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडवे जोडून धरतात. केसाचा बाक, ताठपणा, चिवटपणा यांत या पायऱ्यांचा वाटा मोठा. याखेरीज दुसरे, पुष्कळ दुबळे असे बंध असतात; ते नुसत्या पाण्याने सुटतात आणि वाळल्यावर पुन्हा जुळतात. लहानपणी आईने ओल्या केसांचा भांग चापून बसवून दिला आणि दुपारपर्यंत तो पुन्हा उभा राहिला, हा अनुभव बहुतेकांचा असेल. आईने बसवलेली घडी दुबळ्या बंधांची होती. गंधकाच्या पायऱ्यांना तिने हात लावलेला नव्हता.

पार्लरमधील उपचार नेमका त्या पायऱ्यांना हात घालतो. पहिल्या औषधात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा एखादा क्षार असतो. तो गंधकाचे बंध तोडतो आणि केस काही मिनिटे मेणासारखा वळवता येतो. त्या अवस्थेत भुवई विंचरून हव्या त्या दिशेला लावतात. मग दुसरे औषध येते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्याच गुणाचे दुसरे द्रव्य असते, आणि ते तुटलेले बंध नव्या जागी पुन्हा जोडते. शेवटी केसाला तेलकट पोषक लेप देतात. ही विद्या नवी नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेसलर या जर्मन केशकर्त्याने लंडनमध्ये उष्णता आणि क्षार यांच्या साहाय्याने केस कायमचे कुरळे करण्याची पद्धत प्रचारात आणली. त्याच गृहस्थाने १९०२ साली कृत्रिम भुवया व पापण्या बनवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते, ही मौजेची गोष्ट. पुढे चौथ्या-पाचव्या दशकांत थायोग्लायकोलेटची औषधे आली आणि उष्णतेची गरज उरली नाही. डोक्यावरचा तोच शिरस्ता पापण्यांवर आला आणि अलीकडे भुवयांवर उतरला.

आता, बसवलेली घडी उतरते का? दोन कारणांनी. पहिले असे की, तुटलेले सर्वच बंध काही दुसऱ्या औषधाने जुळत नाहीत. काही सुटेच राहतात, आणि वारंवारचे भिजणे, चोळणे, धुणे यांनी केस हळूहळू आपल्या मूळ वळणाकडे सरकतो. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, म्हणून तो कमरेपर्यंत येऊ शकतो. भुवईचा केस वाढतो तो जेमतेम एक-दोन महिने. त्यानंतर काही काळ विसावतो आणि गळून पडतो. त्याच्या जागी जो नवा केस येतो, त्याला पार्लरची काहीच वार्ता नसते. तो स्वतःच्या वळणाने उगवतो. पहिल्या कारणावर आपला इलाज चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. म्हणूनच, ‘सहा महिने टिकेल’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर तेथून नमस्कार करून निघावे हे उत्तम.

जेथे इलाज चालतो तेथे तो कसा करावा, हे आता सांगतो. सर्वांत मोलाचे पहिले चोवीस तास. शक्य तर अठ्ठेचाळीस. नव्याने जुळलेले बंध या काळात स्थिरावत असतात. तेव्हा भुवईला पाणी, वाफ, घाम आणि प्रसाधन यांपासून दूर ठेवावे. यात वाफ लोक विसरतात. तोंड धुवावयाचे नाही हे ध्यानात असते. पण कुकरचे झाकण उघडताना, भाताच्या पातेल्यावर वाकताना किंवा सर्दीसाठी वाफारा घेताना चेहरा नेमका वाफेतच असतो. त्या दिवशी चेहरा ओल्या फडक्याने, भुवया वगळून, टिपून घ्यावा आणि रात्री शक्यतो पाठीवर झोपावे. कुशीवर उशीत तोंड खुपसून झोपणाऱ्यांची एक भुवई दुसरीपेक्षा आधी उतरली, तर त्यात गूढ काही नाही.

दोन दिवसांनंतर प्रश्न येतो तो पाण्याचा आणि साबणाचा. बेळ्ळंदूरसारख्या भागात हा प्रश्न जरा जास्तच जिवंत आहे. येथील अनेक संकुलांनी वर्षानुवर्षे कूपनलिकांच्या आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. असे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होऊन तो केसांवर बसतो. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण घेतो, आणखी चोळतो, आणि चोळण्यानेच भुवईची घडी मोडते. फेस देणारी जी नवी द्रव्ये आहेत, त्यांचे सामर्थ्य तर येथील तळ्यानेच सगळ्या देशाला दाखवले. शहराच्या घराघरांतून आलेल्या सांडपाण्यातील अपमार्जकांमुळे बेळ्ळंदूरच्या तळ्यावर २०१५ साली फेसाचे डोंगर उठले आणि वाऱ्याबरोबर ते रस्त्यावर येऊन वाहनांवर आदळले. त्याच वर्षी, आणि पुढे २०१७ व २०१८ सालीही, त्या तळ्यावर आग लागल्याचे लोकांनी पाहिले. जे द्रव्य एवढ्या जलाशयाची ही दशा करते, त्याची तीव्र जात दिवसातून चार वेळा भुवईवर चोळली, तर केसातील नैसर्गिक स्निग्धता राहील कशी? उपचाराच्या औषधांनी केसाचे खवले आधीच थोडे उघडे पडलेले असतात. कोरडेपणा त्याला लवकर येतो. म्हणून चेहरा धुण्यासाठी सौम्य द्रव्य थोडे घ्यावे, ते गालावर-कपाळावर लावावे, भुवईवरून फक्त पाणी जाऊ द्यावे, आणि टॉवेलने घासण्याऐवजी टिपावे. एवढ्याने भुवई टिकेल, आणि तळ्याकडे जाणारा फेसही चिमूटभर कमी होईल.

तेलाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. तेल लावले की उपचार गेलाच, असे काही म्हणतात. तर आपल्याकडील जुनी पिढी भुवयांना एरंडेल लावल्याखेरीज झोपू देत नाही. गंधकाचे बंध तोडण्याची शक्ती तेलात नाही. मात्र जाडसर तेलाने केस जड होऊन खाली झुकतो, आणि तेल काढण्यासाठी पुन्हा साबण लागतो. म्हणजे फिरून तेच चोळणे. पहिले दोन दिवस तेल मुळीच नको. त्यानंतर रात्री बोटाच्या टोकावर मावेल एवढे हलके तेल ब्रशने केसांवरून फिरवले, तर कोरडेपणा टळतो. एरंडेलाने भुवया दाट होतात की काय, हा वेगळा विषय. घडीच्या दृष्टीने पाहता, थेंबभर लावले तर ते निरुपद्रवी आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सुरकुत्या किंवा डाग घालवण्याची जी मलमे त्वचेचा वरचा थर सोलतात, ती भुवईपासून बोटभर अंतरावर थांबवावीत. संकुलातील तलावात पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पाण्यातील क्लोरीन केसाला कमकुवत करते. पोहून आल्याबरोबर साध्या पाण्याने भुवया धुवाव्यात. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी शिरस्त्राण काढू नये हे सांगावयास नकोच; पण ते घालताना पुढून मागे ओढण्याऐवजी वरून खाली सरळ बसवावे, म्हणजे त्याची कड भुवईवरून घासत जाणार नाही. आणि रोज सकाळी छोट्या कोरड्या ब्रशने भुवई वर विंचरावी. या एका सवयीचा उपयोग बाकीच्या सर्व उपायांहून अधिक होतो. मुंडावळ्या बांधल्यासारखी ती जागच्या जागी राहील अशी अपेक्षा ठेवू नये; झोपेत विसकटलेली घडी सकाळी पुन्हा सरळ करावयाची, इतकेच.

आपल्या घरच्या पंचांगाशीही या उपचाराचा मेळ घालावा लागतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये गर्दी असते. दुसऱ्याच पहाटे अभ्यंगस्नान: तेल, उटणे आणि कढत पाणी! घडी मोडण्यासाठी याहून पूर्ण योजना कोणाला सुचली नसती. दिवाळीसाठी करावयाचे असेल तर चार-पाच दिवस आधी करावे. लग्नघरी तर हळद असते. ओली हळद कपाळापर्यंत माखली जाते, मग ती काढण्यासाठी चोळणे आले. तेव्हा नवरीने हळदीच्या किमान आठवडाभर आधी हे काम उरकावे. चुकूनमाकून त्वचेला खाज वा सूज आलीच, तर ती ओसरण्यासही तेवढा अवधी मिळतो.

टिकाऊपणाच्या हौसेपोटी कधीकधी जे घडते, ते येथे सांगितले पाहिजे. माझ्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात मुलीचे लग्न ठरले होते. तिने हा उपचार करून घेतला. तिसऱ्या आठवड्यात भुवया जराशा उतरल्यासारख्या वाटल्या, तेव्हा एका पार्लरमध्ये जाऊन तो पुन्हा करून घेतला. औषध या वेळी अधिक टिकावे म्हणून अधिक वेळ ठेवण्यात आले. चार दिवसांत भुवयांचे केस करपलेल्या गवतासारखे झाले आणि विंचरताना तुटू लागले. लग्नात भुवया पेन्सिलीने रेखाव्या लागल्या. खऱ्या भुवया परत येण्यास काही महिने गेले. त्या मुलीची आजी तेव्हा जे म्हणाली ते मला रसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठापेक्षा नेमके वाटते. ती म्हणाली, “अगं, पैठणी घडी करून ठेवली की टिकते, पण वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली तर त्या घडीवरच चिरते. मधून मधून घडी मोडायची असते.”

बंध एकदा तोडून जोडला की पहिल्याइतका बळकट होत नाही. तोच केस तीन आठवड्यांत पुन्हा औषधाखाली आला, तर त्याची चिवटी संपते. म्हणून दोन उपचारांत निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत, आणि वर्षातून एक-दोनदा तरी भुवयांना काही महिने पूर्ण सुटी द्यावी. तेवढ्या अवधीत जुने केस गळून नवे येतात. औषध किती मिनिटे ठेवणार हे विचारण्यास संकोच करू नये. आपला केस बारीक आहे की राठ, हे पाहून ती वेळ ठरवणारी कारागीर भेटली, तर तिचे दार सोडू नये.

आणि शेवटी, जागा डोळ्याजवळची आहे याचा विसर पडता कामा नये. या उपचाराबरोबर पुष्कळदा भुवया रंगवून देतात. रंगाने भुवई अधिक काळ भरदार दिसते, हे खरे. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास लॅश ल्यूर नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जात असे. त्यातील पॅराफेनिलीनडायअमीन या द्रव्याने अनेक स्त्रियांना इजा झाली, एकीची दृष्टी गेली आणि एकीचा प्राण गेला. त्या काळी त्या देशाच्या अन्न-औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती. ती आली १९३८ च्या नव्या कायद्याने. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी हे द्रव्य असलेल्या केशरंगांच्या वेष्टणावर एक इशारा छापण्याचे बंधन घातले: हा रंग पापण्यांना वा भुवयांना लावू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते. तो इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापावा लागतो. सरकारी भाषा रुक्ष असते ही तक्रार मी नेहमी ऐकतो आणि बहुधा मान्यही करतो. पण हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्यापुढे कोणातरी स्त्रीचा चेहरा असावा. ते वाचल्याखेरीज डोक्याचा रंग भुवईला लावू देऊ नये. उपचारापूर्वी दोन दिवस कानामागे औषधाचा ठिपका लावून पाहावा. डोळे आले असतील, त्वचा फुटली असेल किंवा भुवया नुकत्याच दोऱ्याने कोरल्या असतील, तर बेत पुढे ढकलावा. आणि उपचाराच्या वेळी डोळ्यांतील भिंगे काढून ठेवावीत.

श्रोतेहो, टिकणे आणि टिकवणे यांत फरक आहे. दगड टिकतो. संसाराची, कचेरीची किंवा केसाची घडी ही टिकवावी लागते, आणि टिकवणे म्हणजे ती अधिक घट्ट आवळणे असा अर्थ बहुतेक वेळा लावला जातो. भुवईच्या बाबतीत तरी अनुभव उलट आहे. पहिल्या दोन दिवसांचा संयम, हलका हात, सकाळचे दोन मिनिटांचे विंचरणे, एवढ्यावर सहा आठवडे सुखाने जातात. त्यापुढे केस आपल्या वळणावर जाऊ लागला, तर त्याला जाऊ द्यावे. सातव्या आठवड्यात आरशात जी भुवई दिसते, ती बिघडलेली नसते. ती आपली असते.